फिदेन्सियो सुटता कामा नये

३ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या नर्सने ही वही दिली. रोज सकाळी रक्तदाब मोजायचा, आकडा लिहायचा आणि महिन्याने वही दाखवायची. आजचा आकडा १६० वर ९५. कारण लिहायला तिने रकाना आखलेला नाही, पण कारण आहे. ते कुंपणापलीकडे राहतं. फिदेन्सियो लोमेली.

सकाळी उठलो तर त्याच्या फाटकावर पाटी. ‘विकणे आहे. समुद्रालगत.’ लाल रंगात. त्याचा मुलगा मेहिकालीला असतो, त्याच्याकडे जाणार म्हणे. सुनेच्या हातचं खात पंख्याखाली बसणार. हे मला इमेल्दाने सांगितलं. इमेल्दा माझी मुलगी. रस्त्यावर तिची खानावळ आहे, त्यामुळे गावातली प्रत्येक गोष्ट आधी तिच्या टेबलांवरून जाते.

सव्वीस वर्षांपूर्वी आमच्या एहिदोची, म्हणजे गावकीची, जमीन मोजायला सरकारी माणसं इथे लोस सिरुएलोसला आली. तोवर जमीन साऱ्या गावाची सामायिक होती आणि कोणी कुठवर कसायचं ते सगळ्यांना तोंडपाठ होतं. मोजणीच्या दिवशी आपल्या कोपऱ्याच्या दगडावर उभं राहायचं, शेजाऱ्याने ‘मान्य’ म्हणून ओरडायचं, की तेवढी कायमची आपली. मी त्या दिवशी तेपिकच्या इस्पितळात रोसारियोच्या उशाशी होतो. ती तिथेच गेली. माझ्या दगडावर माझ्या वतीने फिदेन्सियो उभा राहिला. इमेल्दाच्या बाप्तिस्म्याला तिला त्यानेच हातांत धरलं होतं, म्हणजे माझा कोम्पाद्रे, सख्ख्या भावाहून जवळचा. परत येऊन बघतो तर चिंचेचं झाड आणि चाळीस पावलं जमीन त्याच्या बाजूला गेलेली. म्हणाला, दगड तिथेच होता. बायकोच्या मातीला जमलेल्या माणसांसमोर मी त्याला चोर म्हटलं. तेव्हापासून बोलणं बंद.

आता तो माझी चाळीस पावलं विकून ऐटीत निघून जाणार. ते होऊ द्यायचं नाही. ही पानं नर्सला दाखवायची नाहीत.

६ फेब्रुवारी

१५५ वर ९५. गिऱ्हाईक कळलं. वेर्नाबाई. कॅनडाची आहे, सदुसष्ट वर्षांची, तिकडे बर्फात तीस वर्षं शाळेची बस चालवायची. गेले तीन हिवाळे इमेल्दाच्या माडीवर भाड्याने राहते. नवरा वारला, तिने तिकडचं घर विकलं आणि आता उरलेलं आयुष्य इथेच काढायचं म्हणते. चिंचेखाली दोन खोल्या बांधणार, मागे टोमॅटो लावणार. इमेल्दाला तिने वहीत काढलेलं चित्र दाखवलं. चित्रात माझं झाड आहे.

बाई वाईट नाही. मासळी खाताना काटे ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवते.

९ फेब्रुवारी

फिदेन्सियोचा डाव समजला. जमीन भाच्याच्या नावावर करायची, पैसे बाईने द्यायचे आणि भाच्याने नुसतं नाव उसनं द्यायचं. बाईने एका कागदावर सही करून राहायला यायचं. इथे किनाऱ्यावर निम्मे परदेशी असेच राहतात, आणि निम्मे पुढे असेच रस्त्यावर येतात. बेल्जियमच्या एका माणसाला नाव उसनं देणारा मेला, तेव्हा मेलेल्याच्या बायकोने वारसा सांगून बेल्जियमवाल्याला बाहेर काढलं. बिचारा दोन पेट्या आणि एक पोपट घेऊन बसस्टॉपवर बसला होता.

दुपारभर विचार केला. गप्प बसलो तर बाई फसेल, चार-पाच वर्षांनी कोर्टात जाईल, फिदेन्सियोला तिथे ओढेल. पण चार-पाच वर्षं मला कोण देणार? मी चौऱ्याहत्तरचा, वर हे आकडे. आणि फिदेन्सियो तोवर मेहिकालीच्या पंख्याखाली मरूनही जाईल. मग मी कोणाचा सूड घेणार?

नाही. बाईला कायद्याने जायला लावायचं. कायद्याचा रस्ता एहिदोच्या सभेतून जातो आणि सभेत मला मत आहे.

११ फेब्रुवारी

वेर्नाबाईला खानावळीच्या मागच्या टेबलावर बसवून सगळं सांगितलं. मी तिसरीपर्यंत शिकलेला, पण तीन वर्षं सभेच्या देखरेख समितीवर होतो तेव्हा जमिनीच्या कायद्याचं पुस्तक वाचलं होतं. आठ महिने लागले. फिदेन्सियोवर बोट कुठे ठेवता येईल ते शोधत होतो.

तिला म्हटलं, बाई, आज त्या जागेवर तुमचं नाव लागूच शकत नाही. ती एहिदोची आहे. आधी सभेने दोन तृतीयांश मतांनी परवानगी द्यायची, मग ती फिदेन्सियोच्या स्वतःच्या मालकीची होते आणि तेपिकला तिची नोंद होते. ती झाल्याशिवाय एकाही कागदावर सही करू नका. त्यानंतरही समुद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आत परदेशी माणसाच्या नावे जमीन होत नाही, म्हणून बँक ती ट्रस्टमध्ये धरते, पन्नास वर्षांसाठी, पुढे वाढवता येतो. कागदावर नाव बँकेचं. राहायचं, बांधायचं, विकायचं, मागे कोणाला द्यायचं ते ठरवायचं, हे हक्क सगळे तुमचे. आणि हे नोटरीसमोर. भाचा नको, मेव्हणा नको, देवमाणूस तर मुळीच नको.

ती सगळं लिहून घेत होती. मग पेन ठेवून विचारलं, “डॉन एलिहियो, तुम्ही हे मला का सांगता? इथे कुणीच सांगितलं नाही.”

मी म्हटलं, माणुसकी म्हणून.

तिने माझा हात धरला. मला कॉफीचा ठसका लागला.

१३ फेब्रुवारी

१७० वर १००. फिदेन्सियो कुंपणाशी आला. मी जाळं विणत होतो.

“एलिहियो.”

मी मान वर केली नाही.

“त्या बाईला कायदा शिकवलास म्हणे.”

“तिने विचारलं, मी सांगितलं.”

“माझ्याबद्दल कधी कोणी विचारलं तर सांगितलंस का, की फिदेन्सियोही माणूस आहे म्हणून?”

“ते अजून ठरायचं आहे.”

तो हसला. हसता हसता खोकला आला, बराच वेळ तार धरून वाकून राहिला. मग म्हणाला, “सभेत माझ्या विरुद्ध जाणार ना?”

“मत गुप्त असतं. विचारू नये.”

“जा बाबा, जा. नाही गेलास तर तुलाच ताप भरायचा.”

एवढंच. सव्वीस वर्षांनी बोलला आणि तेही टोमणे. जाळ्याच्या दोन गाठी चुकल्या. त्याचे सगळे केस पांढरे झालेत. रोज दिसतो, पण इतक्या जवळून पाहिला नव्हता.

१९ फेब्रुवारी

बाई अडून बसली. कायद्याने नाही तर घेणारच नाही म्हणाली. फिदेन्सियोला सभेकडे अर्ज करावा लागला. सभेच्या घराच्या दारावर नोटीस लागली: रविवार, २२ मार्च, सकाळी दहा. अध्यक्ष हेर्मिलाने स्वतः चिकटवली. मला म्हणाली, “डॉन एलिहियो, नोटीस वाचून झाली असेल तर घरी जा आता. तासभर झाला.”

सभासद सेहेचाळीस. छत्तीसएक येतील. छत्तीस आले तर त्याला चोवीस मतं हवीत. म्हणजे मला त्याच्या विरुद्ध तेरा हवीत. एक मी. बारा शोधायची.

२७ फेब्रुवारी

घरोघर फिरतो आहे. गुडघे सुजले. आतापर्यंत आठ. एकाला फिदेन्सियोच्या बैलाने कधी तरी शिंग मारलं होतं. दोघांना परदेशी नकोत. एकाला नक्की काय पाहिजे ते कळलं नाही, पण तो नाही म्हणेन म्हणाला. शेवटच्या घरातली बाई म्हणाली, तुम्ही दोघांनी लग्नच करायला हवं होतं, संसार झक्कास झाला असता. मी उठून आलो. तरी ती विरुद्ध मत देणार आहे, म्हणून धरली.

इमेल्दा चिडली आहे. वेर्नाबाई शेजारी आली तर तुमच्या औषधपाण्याकडे लक्ष राहील, म्हणाली. मग म्हणाली, “बाबा, तो गेल्यावर तुम्ही करणार काय?”

“शांत झोपेन.”

“दुपारी त्याचा रेडिओ बंद असला तर तुम्हाला झोप येत नाही.”

असं काही नाही. त्याचा रेडिओ मोठा असतो, म्हणून बंद झाला की लक्षात येतं.

८ मार्च

सकाळी त्याच्या खोकल्याचा आवाज आला नाही. सात वाजले, साडेसात झाले. दोनदा कुंपणापाशी जाऊन आलो. आता मेला तर गोंधळ होईल. जमीन मुलाकडे जाईल, मुलगा लांबचा, तो कोणालाही देऊन टाकेल, आणि माझी इतकी पायपीट फुकट. इमेल्दाला कोंबडीचं सूप घेऊन पाठवलं. मी पाठवलं असं सांगायचं नाही म्हणून बजावलं. ती परत येऊन म्हणाली, ताप होता, उतरला, आणि सूपमध्ये मीठ कमी आहे म्हणाले.

मीठ मी घातलं होतं. त्याला खारट चालत नाही, डॉक्टरने बंद केलं आहे.

१४ मार्च

तेपिकहून मोजणीचा इंजिनिअर आला. सभेपुढे नकाशा लागतो. वेर्नाबाई म्हणाली, शेजाऱ्याने कोपऱ्यावर हजर राहिलंच पाहिजे असं तुम्हीच शिकवलंत. तेव्हा उभा राहिलो. फिदेन्सियो त्याच्या टोकाला टोपी घालून उभा.

इंजिनिअरने चिंचेच्या बुंध्याशी खणलं. गुडघाभर खोलीवर दगड लागला. त्यावर माझ्या सासऱ्यांची खूण, आडवी रेघ आणि फुली. चिंचेची एक मुळी त्याला पूर्ण वेटोळं घालून गेलेली, दंडाएवढी जाड. इंजिनिअर म्हणाला, हा दगड इथे पन्नास-साठ वर्षं तरी आहे, हलवला असता तर मुळी अशी वाढली नसती.

म्हणजे फिदेन्सियो सांगायचा त्याच रेघेवर.

मी म्हटलं, मुळ्यांचं काय सांगावं. इंजिनिअरने हातातली फीत गुंडाळली. फिदेन्सियो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. तो फक्त टोपी काढून डोकं पुसत राहिला आणि मग घरात गेला.

१५ मार्च

१७५ वर १००. काल जेवलो नाही. रोसारियोला माहीत असायचं कोपरा कुठे आहे ते. ती सांगायची, तिच्या वडिलांनी तो दगड चिंचेच्या पलीकडे पुरला होता. की अलीकडे? मला पलीकडे असंच आठवतं. पण ते शब्द आठवत नाहीत, तिचा हात हलतो तेवढंच आठवतं.

समजा दगड तिथेच होता. तरी त्याने माझी वाट पाहायला हवी होती. माझी बायको मरत होती आणि हा ‘मान्य’ म्हणून ओरडला. एक दिवस थांबला असता तर त्याचं काय गेलं असतं? हे कुठल्या मुळीत सापडणार नाही.

२० मार्च

अकरा झाले, माझ्यासह बारा. तेरावा मिळत नाही. दोन्या चोलेकडे तिसऱ्यांदा गेलो. ती विधवा, एकटी, तिला कोणाचं देणंघेणं नाही. मला म्हणाली, “एलिहियो, तुझा नवरा जातोय म्हणून तू रडतोस का?” दात नसलेल्या तोंडाने एवढी हसली की कपातली कॉफी सांडली. ती फिदेन्सियोच्या बाजूने आहे.

म्हणजे एका मताने हरणार. त्याची पाटी निघणार, ट्रक येणार, खाट आणि रेडिओ त्यावर चढणार.

२२ मार्च, रविवार

सभा झाली. सविस्तर लिहितो.

छत्तीस आले. बरोबर छत्तीस. वेर्नाबाई बाहेर बाकावर बसली, परक्या माणसाला आत येता येत नाही. हेर्मिलाने अर्ज वाचला, इंजिनिअरचा नकाशा वाचला, दगड, खूण, मुळी सगळं. लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी छताकडे पाहत होतो.

जमिनीच्या प्रश्नावर आमच्याकडे हात वर करत नाहीत. एकदा मेव्हण्या-मेव्हण्यांत कोयते निघाले, तेव्हापासून मका आणि घेवडा. प्रत्येकाला मक्याचा एक दाणा आणि काळ्या घेवड्याचा एक मिळतो. पडद्यामागे मडकं असतं. हो असेल तर मका टाकायचा, नाही असेल तर घेवडा. उरलेला दाणा खिशात घालून घरी न्यायचा, तिथे जमिनीवर टाकायचा नाही, नाही तर मागाहून लोक पडलेले दाणे मोजत बसतात.

मी घेवडा टाकला. बोटं घामाने ओली होती, दाणा चिकटला, झटकावा लागला. बाहेर येताना फिदेन्सियो आत जात होता. आमचे खांदे लागले. तो पडद्यामागे फार वेळ होता. मागून कोणी तरी म्हणालं, कोम्पाद्रे, मडक्यात झोपलास का?

हेर्मिलाने मडकं टेबलावर उपडं केलं. मका तेवीस. घेवडे तेरा.

तिने परत मोजले. तेरा. अर्ज नामंजूर.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटलं होतं, छाती भरून येईल. तसं काही झालं नाही, मी नुसता बसून राहिलो. बाहेर वेर्नाबाईला हेर्मिलाने सांगितलं, तेव्हा तिने चित्राची वही मिटून पिशवीत ठेवली. मी मागच्या दाराने आलो.

मक्याचा दाणा वाटेत समुद्रात फेकला.

२४ मार्च

तेरावं मत दोन्या चोलेचंच असणार, मनात विरघळली असेल. ताजा मासा घेऊन आभार मानायला गेलो. म्हणाली, मी मका टाकला, आईशपथ, मासा मात्र ठेवून जा. बाकीची नावं परत परत ताडून पाहिली. प्रत्येकाला विचारलं. माझे बारा म्हणजे बाराच. तेरावा कोण ते कळत नाही आणि सोडवतही नाही. कोणी तरी आहे या गावात, ज्याला फिदेन्सियोचा माझ्याइतकाच राग आहे, आणि मला तो माहीतच नाही.

२९ मार्च

वेर्नाबाई आली. तिला तोंड कसं दाखवावं या काळजीने मी चार दिवस खानावळीत गेलो नव्हतो. सफरचंदाचा मुरंबा घेऊन आली. वरच्या अंगाला, टेकडीवरच्या गावात तिला घर मिळालं आहे. ते कधीच एहिदोतून बाहेर पडलेलं, मालकीचा दाखला आहे, तेपिकच्या नोंदणी कचेरीत तिने स्वतः रांगेत उभं राहून तपासला. ट्रस्टचे कागद नोटरीकडे आहेत. मागे भाचीचं नाव लावलं आहे. समुद्र तिथून दिसतो, ऐकू येत नाही, म्हणाली.

“तुम्ही नसता तर मी त्या भाच्याच्या कागदावर सही केली असती,” ती म्हणाली. “माझ्याकडे होतं ते सगळं गेलं असतं. माझ्या वयात परत बस चालवायला कोण ठेवणार?”

मी म्हटलं, बाई, मी तुमच्यासाठी काही केलं नाही. खरं तेच सांगितलं. तिला ते नम्रपणा वाटला आणि तिने माझ्या गालाचा मुका घेतला. अशा माणसांशी बोलणं कठीण आहे.

२ एप्रिल

पवित्र गुरुवार. इमेल्दा चर्चला गेली होती. फिदेन्सियोने पाटी काढली. खिळे जपून सरळ केले आणि डब्यात ठेवले. मी पडवीतून पाहत होतो. मग त्याला मुलाचा फोन आला. तो नेहमी बाहेर येऊनच बोलतो, घरात आवाज नीट येत नाही म्हणून.

“नाही जमलं रे पोरा,” तो सांगत होता. “लोकच नाही म्हणाले, मी काय करणार? सूनबाईला सांग, वाईट वाटून घेऊ नको. हो, हो, पंखा पाहिला फोटोत. छान आहे.” आवाजात दुःख म्हणावं तसं नव्हतं. आता हरूनही त्याला लाज नाही.

फोन ठेवून तो कुंपणाशी आला. माझ्या दोन कोंबड्या तिथे उकरत होत्या. त्याने शर्टाच्या खिशात बोटं घालून काही तरी काढलं, थोडा वेळ तळहातावर पाहिलं आणि तारेवरून आत टाकलं. कोंबडीने टिपलं. मक्याचा एक दाणा होता. सभेत वाटतात तोच, तांबूस.

“दगड तिथेच होता, एलिहियो,” तो म्हणाला. “पण मी एक दिवस थांबायला हवं होतं.”

मी कोंबडीकडे पाहत होतो. तो वळून गेला आणि रेडिओ लावला, मोठा.

नंतर डाव लक्षात आला. एवढा चिकट माणूस, दहा-अकरा दिवस एक दाणा खिशात जपून ठेवतो आणि तो माझ्या कोंबडीला फुकट देतो? तिला चटक लावतो आहे. आज एक दाणा, उद्या दोन, मग माझ्या कोंबड्या त्याच्या अंगणात अंडी घालणार आणि हा म्हणणार, आपणहून आल्या. त्या थांबण्याच्या गोष्टीनेही मला गाफील करायचं असणार. मी इतका भोळा नाही.

संध्याकाळपर्यंत तो दोनदा त्या जागी येऊन गेला. पडवीतून नीट दिसत नाही, मधे केळी येतात. उद्यापासून खुर्ची कुंपणाशीच टाकतो. तिथून त्याच्यावर लक्ष ठेवता येईल.